उखडलेला रस्ता टाकाऊ नव्हे

रस्त्याला खड्डा पडला की त्यात खडी-डांबर टाकावे आणि रस्ता फारच बिघडला की वर नवा थर चढवावा, ही दुरुस्तीची आपल्या परिचयाची रीत होय. तिचा परिणाम हर्सूलच्या आमच्या गल्लीत दिसतो. थरागणिक रस्ता उंच झाला, जुन्या घरांचे उंबरठे खाली गेले आणि पावसाचे पाणी घरात शिरू लागले.

वास्तविक डांबरी रस्त्यात वजनाने सुमारे ९५ टक्के खडी व तिची भुकटी असते. डांबर ५ टक्क्यांच्या आसपास. मराठवाड्यातील खडी म्हणजे काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडलेला. तो दहा-पंधरा वर्षांच्या रहदारीने निकामी होत नाही. बिघडते ते डांबर. ऊन व प्राणवायू यांमुळे ते ठिसूळ होते, भेगा पडतात, त्यांतून पाणी मुरते आणि खडी सुटते.

यावर उपाय असा की, वरचा थर यंत्राने खरवडून काढावा व चाळून पुन्हा वापरावा. हा माल थेट ज्वाळेवर तापवला तर त्यातील डांबर जळते; म्हणून तो तापलेल्या नव्या खडीत मिसळतात. जोडीला थोडे मऊ डांबर घातले की चिकटपणा परत येतो. दुसऱ्या, थंड पद्धतीत गरम डांबरात किंचित पाणी सोडून फेस करतात व तो जुन्या खडीत कालवतात. खडी तापवावी लागत नसल्याने इंधन वाचते. इंडियन रोड्स काँग्रेसने या कामासाठी २०१५ साली मार्गदर्शिका काढली आहे.

कचऱ्यातील प्लास्टिकही उपयोगी पडते. मदुराईचे प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी २००२ मध्ये आपल्या महाविद्यालयाच्या आवारात असा रस्ता केला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तापलेल्या खडीवर पिशव्यांचे तुकडे टाकले की पातळ लेप बसतो व खडीत पाणी मुरत नाही. पी.व्ही.सी. मात्र वर्ज्य, कारण तापवल्यास त्यातून विषारी वायू निघतो. २०१८ च्या कचराकोंडीनंतर कचरा-प्रक्रियेसाठी निवडलेल्या जागांत हर्सूलही होते. तेव्हा हा विषय आपल्याला दूरचा नाही.

खरवडून केलेला रस्ता जुन्याच पातळीवर राहतो, डोंगर कमी फुटतो आणि उंबरठाही वाचतो. यापुढे गल्लीत डांबर पडण्यापूर्वी जुना थर काढणार का, एवढे आपण नागरिकांनी अवश्य विचारावे.