तिसऱ्या वर्षी एन.एस.एस.मध्ये जाऊ का?

प्रश्न : मी मोहोळला बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. गावाकडच्या एस.टी.च्या वेळेमुळे दोन वर्षं कॉलेज सुटलं की थेट घरी. आता राष्ट्रीय सेवा योजनेत जावंसं वाटतं. पण तिथल्या मुलामुलींचं आधीच जमलेलं आहे. उशीर झाला का?
– एक विद्यार्थिनी, मोहोळ

उत्तर : प्रमाणपत्रापुरता उशीर झालाय, हे आधीच सांगते. त्यासाठी दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं विशेष शिबिर लागतं. एम.ए. करणार असशील, तर पुढचं वर्ष कसं धरतात ते कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचार.

पण तुझा खरा प्रश्न माणसांचा आहे, आणि त्यावर शिबिरासारखा उपाय नाही. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ साली ही योजना सुरू झाली, ती विद्यार्थ्यांनी गावात जाऊन राबावं म्हणूनच. शिबिरात पहिल्याच दिवशी भोजनाचं काम मागून घे. पहाटे चहाचं आधण ठेवणारी, दुपारी श्रमदानावरून आलेल्यांच्या ताटात भाकरी वाढणारी मुलगी दोन दिवसांत सगळ्यांना नावानिशी माहीत होते. जुने गट गप्पांत बंद असतात. घमेली हातोहात देताना मात्र साखळीत माणूस कमीच पडतो.

घरी शिबिराची परवानगी आत्ताच काढ. आईला मुक्कामाचं ठिकाण आणि सोबत येणाऱ्या मॅडमचा नंबर दे. जमलंच नाही, तर विद्यापीठाच्या युवा महोत्सवाची कॉलेजातली निवड बघ. समूहगीताला नवा आवाज हवाच असतो.