मुळावरच्या गाठी

निलंग्याच्या काळ्या रानात हरभरा फुलावर आला, की एक झाड मातीसकट हलक्या हाताने खणून काढा. मुळ्या पाण्यात धुवा. त्यांवर बारीक गाठी दिसतील. पुष्कळांना वाटते, ही कीडच लागली. ती कीड नव्हे.

एक गाठ नखाने फोडा. आत तांबूस रंग दिसला, तर काम चालू आहे असे समजा. काम कोणाचे? डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंचे. जिवाणू म्हटले की आपल्याला रोगराईच आठवते! पण हे जिवाणू पिकाचे सोबती. हवेच्या शंभर भागांत ७८ भाग नत्र आहे. झाडाला ते हवेतून घेता येत नाही. जिवाणू घेतात, झाडाला देतात. झाड त्यांना साखर देते. हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ साली हे दाखवले. हरभऱ्याचा बेवड ज्वारीला चांगला, हे मात्र आपले जुने लोक ओळखूनच होते.

युरिया फार टाकला, तर गाठी कमी धरतात. पैसेही जातात.

गाठी नसल्याच, तर पुढच्या पेरणीला बियाण्याला जिवाणू खत लावा. दहा किलोला २५० ग्रॅम पुरे. पुड्यावरचे नाव आणि तारीख स्वतः वाचून घ्या. सोयाबीनचे जिवाणू हरभऱ्याला चालत नाहीत. बुरशीचे औषध लावायचे असेल, तर ते आधी, जिवाणू शेवटी. मग बी सावलीत सुकवा. उन्हात जिवाणू मरतात. त्याच दिवशी पेरा.