डोंगरावरचे पाणी आणि भूमिहीनांचा वाटा

पावसाचे पाणी ज्या भूभागावरून वाहत येऊन एखाद्या ओढ्याला, नदीला किंवा तलावाला मिळते, त्या संपूर्ण भूभागाला पाणलोट क्षेत्र असे म्हणतात. माथ्यावरचे जंगल, उतारावरचे कुरण आणि पायथ्याची शेते ह्या साऱ्यांचा त्यात समावेश होतो. वाहून जाणारे पाणी अडवून मुरविणे आणि माती जागच्या जागी धरून ठेवणे, हा पाणलोट क्षेत्राच्या विकासाचा गाभा होय.

ही व्याख्या तांत्रिक वाटली, तरी तिच्या पोटी एक सामाजिक प्रश्न दडलेला आहे. माती धरून ठेवावयाची, तर माथ्यावरची चराई आणि लाकूडतोड थांबवावी लागते. तिची झळ पोहोचते ती शेळ्यामेंढ्यांवर गुजराण करणाऱ्या भूमिहीनांना. अडविलेले पाणी मात्र उताराने खाली जाते आणि ज्याची जमीन पायथ्याशी असेल त्याच्या पदरात पडते. झीज एकाने सोसावी आणि लाभ दुसऱ्याने घ्यावा, अशी व्यवस्था फार काळ टिकू शकत नाही. हरियाणातील सुखोमाजरी ह्या गावाचा अनुभव ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

चंदीगड शहरासाठी १९५८ साली सुखना तलाव बांधण्यात आला. शिवालिक टेकड्यांची माती मुळातच ठिसूळ. तिच्या लोंढ्यांनी तलाव वेगाने भरू लागला आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याची निम्म्याहून अधिक साठवणक्षमता नष्ट झाली. गाळाचा माग काढीत मृदसंधारण संशोधन संस्थेच्या चंदीगड केंद्रातील शास्त्रज्ञ परशुराम मिश्र आणि त्यांचे सहकारी सुखोमाजरीच्या टेकड्यांपर्यंत पोहोचले. सुमारे ६० कुटुंबांच्या ह्या गुजर वस्तीत शेती सर्वस्वी पावसावर अवलंबून होती. पीक बेभरवशाचे असल्याने लोक शेळ्या व गुरे पाळीत, आणि ती टेकड्यांवर मोकाट चरत. उतार उघडे पडले होते. घळी रुंदावत शेतांपर्यंत येऊन भिडल्या होत्या.

प्रारंभी शास्त्रज्ञांनी ताली घातल्या, झाडे लावली आणि चराई थांबविण्याचे आवाहन केले. ते निष्फळ ठरले. शहरातील तलाव वाचावा म्हणून गावाने आपली जनावरे उपाशी का ठेवावीत, ह्या प्रश्नाला कोणापाशीही उत्तर नव्हते. १९७६ साली एका घळीवर मातीचा लहानसा बंधारा उभा राहिला आणि त्यातील पाणी रब्बीच्या गव्हाला देता येते, हे गावकऱ्यांच्या प्रत्ययास आले. डोंगर राखण्यात गावाचाही स्वार्थ आहे, हे तेव्हा प्रथम स्पष्ट झाले.

तथापि हे पाणी मोजक्याच शेतकऱ्यांच्या जमिनीला पोहोचत होते. उरलेल्यांनी चराई चालूच ठेवली आणि गावात तंटा निर्माण झाला. त्यातून जो निर्णय पुढे आला, तो बंधाऱ्यापेक्षाही महत्त्वाचा होता. पाण्यावर प्रत्येक कुटुंबाचा समान हक्क राहील, मग त्याची जमीन असो वा नसो, असे ठरले. भूमिहीनाने आपला वाटा विकावा, किंवा त्या पाण्याच्या बळावर दुसऱ्याची जमीन अर्धेलीने कसावी. मात्र जो टेकडीवर जनावरे सोडील, त्याने हा हक्क गमवावा. अशा रीतीने काटेरी तारेवाचून राखण होऊ लागली. हिलाच पुढे ‘सामाजिक कुंपण’ असे नाव मिळाले.

परिणाम हळूहळू दिसू लागले. गव्हाचे उत्पन्न वाढले. चराई थांबल्याने टेकड्यांवर भाभर गवत माजले. कोवळे असताना ते वैरण म्हणून उपयोगी पडते, आणि पक्व झाल्यावर दोर वळण्यास व कागदाच्या लगद्यास चालते. वनखात्याने पूर्वी ठेकेदारांना दिला जाणारा गवताचा मक्ता गावच्या संस्थेस दिला. चरून पोट भरणाऱ्या शेळ्या कमी झाल्या, गोठ्यात बांधून पोसता येणाऱ्या म्हशी वाढल्या आणि दुधाची विक्री हे उत्पन्नाचे साधन झाले. तलावाकडे जाणारा गाळही पुष्कळ घटला.

हेच तत्त्व त्याच दशकात महाराष्ट्रातही स्वतंत्रपणे मांडले गेले. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे ह्यांनी पाणी पंचायतीद्वारे जमिनीच्या क्षेत्राऐवजी माणशी पाणीवाटपाचा प्रयोग केला आणि भूमिहीनांचा हक्क मान्य केला.

सुखोमाजरीचा पुढील इतिहास मात्र निष्कंटक नाही. कालांतराने बंधारे गाळाने भरत गेले, त्यांची डागडुजी मंदावली आणि गवताच्या उत्पन्नातील वाट्यावरून वनखाते व गाव ह्यांच्यात कुरबुरी झाल्या. कूपनलिका आल्या. ज्याची जमीन त्याची कूपनलिका, आणि जिची कूपनलिका त्याचेच पाणी. सामाईक पाण्याची गरज ओसरली, तसे सामाईक राखणीचे बळही ओसरले.

१९९४ साली हनुमंत राव समितीने लोकसहभागावर भर देणारी मार्गदर्शक तत्त्वे सुचविली आणि त्यानंतर देशभर पाणलोट विकासाची कामे मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आली. ह्या कामांचे मोजमाप बहुधा बांधांच्या लांबीवरून आणि ओलिताच्या क्षेत्रावरून केले जाते. ते आवश्यक असले तरी पुरेसे नाही. अडलेल्या पाण्यातला किती वाटा जमीन नसलेल्या घरापर्यंत पोहोचला, हेही विचारले पाहिजे. कारण माथ्यावरचे गवत राखावयाचे की चारावयाचे, ह्याचा निर्णय अखेर त्याच घरात होत असतो.