बाणाची काडी: बांबूची निवड आणि तयारी

कनेरगाव नाका, जि. हिंगोली
चि. पुतण्यास,

बाणाची काडी हलकी, सरळ आणि वाकून पुन्हा ताठ होणारी असावी लागते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या मानवेल बांबूत हे गुण एकत्र मिळतात. त्याची बारीक काठी जवळजवळ भरीव असते, म्हणून खाच पाडताना ती सहसा फुटत नाही. काटस बांबू जाड आणि पोकळ. तो चिरून, तासूनच काडीच्या कामी येतो.

काठी तीन वर्षांची निवडावी. कोवळी काठी हिरवीगार, पांढुरक्या भुकटीची असते आणि वाळताना सुरकुतते. मुरलेल्या काठीचा रंग फिकट असतो, नखाने ओरखडा उठत नाही. गाठी कमी उंच आणि कांडी लांब असावीत. वाळल्यावर काठी आकसते, म्हणून ओली काठी ९ ते १० मिलिमीटर जाडीची घ्यावी.

तोड हिवाळ्यात करावी. पावसाळ्यात कोंब फुटत असतात, तेव्हा तोडल्यास बेटाला इजा होते. काप जमिनीलगत, गाठीच्या अगदी वर घ्यावा. म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. वनक्षेत्राबाहेरचा बांबू २०१७ मध्ये वन कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे बांधावरचा बांबू निर्धास्त तोडता येतो. जंगलातला मात्र परवानगीशिवाय तोडू नये.

तोडलेली काठी दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवावी. पिष्ट निघून जाते आणि भुंगेऱ्याला खाद्य उरत नाही. पैनगंगेचे वाहते पाणी यासाठी उत्तम. साचलेले असल्यास ते अधूनमधून बदलावे. नंतर काठ्यांची घट्ट मोळी बांधून सावलीत, जमिनीपासून उंचावर दोन-तीन महिने वाळवावी. सैल पडलेली मोळी पुन्हा आवळावी. उन्हात घाई केली की काठी तडकते.

वाळलेली काठी निखाऱ्यांवर फिरवत शेकावी, वाकलेली जागा उलट दिशेला थोडी जास्त वाकवावी आणि थंड होईपर्यंत तशीच धरावी. बाहेरच्या सालीतच बांबूचे बळ असते. म्हणून फक्त गाठी घासून सपाट कराव्यात. बुंध्याकडचे जड टोक पुढे ठेवावे. दोरीची खाच मागच्या टोकाला, तिचा तळ गाठीच्या जवळ येईल अशी पाडावी आणि खाचेखाली दोरा गुंडाळावा.

एका संचातील काड्या वजनाला आणि ताठपणाला सारख्या असाव्यात. प्रत्येक काडी दोन टेकूंवर आडवी ठेवून मधोमध तेच वजन टांगावे आणि झोल मोजावा. तिरंदाजीच्या इंडियन राउंड या प्रकारात बांबूच्या धनुष्याने ३० आणि ५० मीटरवर नेम धरतात. लांबच्या अंतरावर असमान काड्या एकाच नेमावरून वेगवेगळ्या जागी जातात.

बाण सोडण्यापूर्वी प्रत्येक वेळी काडी हलकेच वाकवून, बोटांनी चाचपून पाहावी. बारीकशी चीर दिसली किंवा कुरकुर ऐकू आली, तर ती काडी मोडून टाकावी. धनुष्यावर फुटलेली काडी हातात घुसते.

तुझा काका