उसन्या विशेषणांचे लिंग

बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षी महोगनीच्या वाळवलेल्या पानाखाली मी ‘स्विटेनिया मॅक्रोफिलस’ असे लिहिले. सरांनी शेवटच्या अक्षरावर तांबडी खूण केली. झाड बरोबर, पान बरोबर. मग चुकले कोठे? उत्तर व्याकरणात सापडले.

ग्रीकमध्ये ‘माक्रोस’ म्हणजे लांब, मोठा आणि ‘फिलॉन’ म्हणजे पान. अशा सामासिक विशेषणांना तेथे बहुधा दोनच रूपे असतात : पुल्लिंगी-स्त्रीलिंगी एकच ‘-ऑस’, नपुंसकलिंगी ‘-ऑन’. वनस्पतिशास्त्राच्या लॅटिनने ती उसनी घेतली, पण रीत घरची लावली : ‘-उस, -आ, -उम’. म्हणून पोडोकार्पस मॅक्रोफिलस (पुं.), स्विटेनिया मॅक्रोफिला (स्त्री.), एसर मॅक्रोफिलम (नपुं.). विशेषण प्रजातीच्या नावाचे लिंग घेते.

मात्र ‘अकेशिया मेलॅनोझायलॉन’ पाहा. अकेशिया स्त्रीलिंगी, तरी ‘-ऑन’ कायम; कारण ‘झायलॉन’ (लाकूड) येथे नामच राहिले आहे.

हे आपल्याला परके नाही. फारसीतून आलेला ‘ताजा’ आकारान्त, म्हणून मराठीत ताजी, ताजे होतो. ‘गरीब’ मात्र तिन्ही लिंगी गरीबच. आमचे कन्नड मित्र तर ‘ओळ्ळेय हुडुग’, ‘ओळ्ळेय हुडुगी’ म्हणतात. मुलगा असो वा मुलगी, विशेषण हलत नाही.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, नुसता शेवट घोकू नका. आधी दोन प्रश्न विचारा : शब्द विशेषण आहे की नाम? आणि प्रजातीचे लिंग कोणते? तांबडी खूण टळेल.