काळ्या पाण्यावरचा पूर्वज शोधताना

पूर्वज इंग्लंडहून शिक्षा होऊन आला होता, असे सांगणारा ऑस्ट्रेलियातला माणूस बहुतेक वेळा त्याचा कागदही दाखवू शकतो. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत इंग्लंड-आयर्लंडमधून सुमारे १ लाख ६२ हजार कैदी तिकडे गेले. नाव, वय, खटला कुठे नि केव्हा चालला, शिक्षा किती वर्षांची, धंदा कोणता, उंची आणि अंगावरच्या खुणा, असे सगळे त्यांच्याबद्दल लिहून घेतलेले असे. त्यामागे इंग्लंडमधल्या चर्चच्या जन्म-लग्नाच्या वह्या होत्या आणि पिढ्यान्‌पिढ्या न बदलणारे आडनाव होते. ही शोधाची रीत आता आपल्याकडेही येऊ लागली आहे. ‘आमच्या घरातला एक जण काळ्या पाण्यावर गेला होता’ अशी आठवण पालघर जिल्ह्यातल्या तारापूर, चिंचणी, डहाणू पट्ट्यात एखाद्या घरात निघाली, की नव्या पिढीतले कोणीतरी संगणकावर आडनाव टाकते, जुळणारे एखादे नाव सापडते आणि वंशवृक्ष तयार होतो. माझा सावधगिरीचा इशारा याच टप्प्यावर आहे. ऑस्ट्रेलियातली रीत आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाही. आपल्याकडे माणूस ओळखू येतो तो वर्ष, गाव आणि बापाचे नाव यांवरून. आडनावावरून निघालेला शोध बहुधा भलत्याच घरात जाऊन पोचतो.

सगळ्यात आधी पाहायचे ते हे, की तो माणूस खरोखर शिक्षा होऊन गेला होता का. घरच्या बोलण्यात समुद्रापलीकडे गेला आणि परत आला नाही, तो काळ्या पाण्यावर गेला. त्यात कैदी येतो, तसाच जहाजावरचा खलाशी, पलटणीतला शिपाई आणि कराराने गेलेला मजूरही येतो. मॉरिशसचेच पाहा. १८१५ ते १८३७ या काळात हिंदुस्थानातून तिथे गेलेले कैदी सारे मिळून दीड हजाराच्या आसपास, आणि १८३४पासून पुढे कराराने गेलेले मजूर साडेचार लाखांच्या घरात. त्या मजुरांत कोकणातली मराठी माणसे पुष्कळ होती. म्हणजे मॉरिशसला गेलेला पूर्वज मजूर असण्याचाच संभव कितीतरी अधिक, आणि त्याचा कागद शोधायचा तो मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतल्या मजुरांच्या दप्तरात. तारखांची चाळणीही इथे उपयोगी पडते. अंदमानातली पहिली वसाहत १७९६मध्ये मोडली आणि दुसरी १० मार्च १८५८ला दोनशे कैद्यांनिशी सुरू झाली. मधल्या साठ-बासष्ट वर्षांत तिथे कोणालाही पाठवलेले नाही. ‘१८४०मध्ये अंदमानला गेले’ असे कोणी सांगत असेल, तर साल तरी चुकले आहे किंवा बेट तरी. त्या काळात मुंबई इलाख्यातून कैदी जात ते सिंगापूर-मलाक्का-पिनांगकडे. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कथीड्रल हिंदी कैद्यांच्याच हातांनी उभे राहिले. काही जण एडनलाही गेले. पुढे वासुदेव बळवंत फडके यांना १८८०मध्ये तिकडेच नेले होते. शिवाय तारापूरचा मुलूख पेशवाईतून इंग्रजांकडे आला तो १८१७-१८मध्ये. त्याआधी इथल्या माणसाला इंग्रजी न्यायालयाने समुद्रापार धाडण्याचा प्रश्नच नव्हता. शेजारचे जव्हार तर स्वातंत्र्यापर्यंत संस्थान होते, त्यामुळे तिथल्या रयतेचे खटले ठाण्याच्या दप्तरात सापडतील असे गृहीत धरू नये.

यानंतर प्रश्न नावाचा. एकोणिसाव्या शतकातल्या फौजदारी कागदात आजच्यासारखे आडनाव असतेच असे नाही. अमुक बिन तमुक, जात, राहणार अमुक गाव, तालुका अमुक, एवढ्यावर भागवलेले असे, आणि इंग्रज कारकुनाच्या लेखणीतून ते जाताना त्याची अक्षरे आणखी विस्कटत. आजचे आडनाव पुढे कधीतरी शाळेच्या किंवा जमिनीच्या कागदावर चढलेले असू शकते. तेव्हा १८५०च्या यादीत ते सापडले नाही म्हणून निराश होऊ नये, आणि सापडले म्हणून हुरळूनही जाऊ नये. उरते गाव, आणि त्यातही खाचखळगे आहेत. गुजरातेतही एक तारापूर आहे, आणि बिहारमध्येही तारापूर आहे. नुसते ‘तारापूर’ वाचून आपला माणूस सापडला असे समजणारा थेट गुजरातेत उतरू शकतो. आपले तारापूर पूर्वी माहीम तालुक्यात होते आणि हे माहीम म्हणजे केळवे-माहीम. मुंबईच्या माहीमशी त्याची गल्लत हमखास होते. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. त्यामुळे जुन्या अनुक्रमणिकेत ‘पालघर’ शोधणे व्यर्थ आहे. ठाणे पाहावे, आणि १८३०च्या दशकापूर्वीचे असेल तर उत्तर कोकण. तारापूरच्या अणुशक्ती केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. तिथल्या घरांच्या बाबतीत तर जुना कागद एका जागेचा आणि माणसे दुसऱ्या जागी, अशी स्थिती आहे. म्हणून माझा आग्रह असा, की वर्ष, गाव, बापाचे नाव आणि जात यांतल्या निदान तीन गोष्टी जुळल्याशिवाय ‘हाच तो’ म्हणू नये.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. अंदमान १९४२ ते १९४५ जपान्यांच्या ताब्यात होते, त्यात तिथले दप्तर गेले, मग शोधायचे काय? आक्षेपाचे पहिले अर्ध खरे मानले, तरी दुसरे त्यातून निघत नाही. शिक्षा अंदमानात झाली नव्हती, ती इथे झाली होती. ठाण्याचे सत्र न्यायालय, वर मुंबईची सदर फौजदारी अदालत आणि १८६२पासून उच्च न्यायालय अशी ती साखळी होती. सरकारच्या न्याय खात्याचे वर्षवार बांधलेले खंड मुंबईत काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेख विभागात आहेत. त्या कारभाराच्या नकला लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ तर घरबसल्या चाळता येते. अडचण आहे ती वेगळीच. हे खंड माणसांच्या नावाने लावलेले नाहीत, खाते आणि साल यांप्रमाणे लावलेले आहेत. साल ठाऊक नसेल तर आयुष्य कमी पडेल. खालच्या कचेऱ्यांतले कागद मोडीतले असतात हेही ध्यानात ठेवावे. मोडी वाचणारा आधी गाठावा, मग रेल्वेचे तिकीट काढावे.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. गुन्हेगार पूर्वज उकरून काढायचा कशाला? ऑस्ट्रेलियातही हा डाग लपवण्याचीच रीत बराच काळ होती, अभिमान नंतर आला. आपल्याकडे प्रकरण याहून जड आहे, कारण १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमातीच्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि तो शिक्का १९५२पर्यंत पुसला गेला नाही. ज्या घरांनी हे सोसले, त्यांनी जुना कागद उघडायचा की नाही, हे त्यांचे त्यांनीच ठरवावे. बाहेरच्या संशोधकाने ती नावे परस्पर छापू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र या डागाच्या भीतीवर जो उतारा सर्रास काढला जातो, तो मला मान्य नाही. काळ्या पाण्याचा कैदी म्हटला की तो स्वातंत्र्यसैनिकच, असे धरून चालतात. सावरकर १९११मध्ये अंदमानात पोचले, त्यांचे ‘माझी जन्मठेप’ घराघरांत गेले, त्यामुळे असे वाटणे साहजिक आहे. पण ही शिक्षा खून, दरोडा अशा गुन्ह्यांसाठी सर्रास होती आणि अंदमानातले बहुसंख्य कैदी असेच होते. दरोड्यामागे कधी बंड असते हेही खरे. ठाण्याच्या तुरुंगात २ मे १८४८ला फाशी गेलेले राघोजी भांगरे सरकारच्या लेखी दरोडेखोरच होते. मात्र ते बंड कागदातून, साक्षीतून, त्या सालच्या सारा-सावकारीच्या हकिकतीतून दाखवावे लागते. मनाला बरे वाटते म्हणून क्रांतिकारक ठरवलेला पूर्वज पहिल्याच हरकतीला टिकत नाही.

मग सुरुवात कुठून करायची? स्वतःपासून. जात पडताळणीच्या निमित्ताने पालघरमधल्या अनेक घरांनी शाळेचे दाखले, फेरफार, गाव नमुना १४ गोळा केलेच आहेत. त्याच कागदांवरून आजोबा, पणजोबा असे एकेक पाऊल मागे जावे आणि जिथे साखळी तुटते, तिथे थांबावे. मधली पिढी गाळून थेट १८६०वर उडी मारू नये. घरातल्या वृद्धांना ‘कुठे गेले’ एवढेच न विचारता, ते गेले तेव्हा मुले केवढी होती, जमीन कोणाच्या नावे झाली, कोणता दुष्काळ किंवा कोणती साथ आली होती, हे विचारावे. साल त्यातून निघते. आणि पुराभिलेखाच्या कचेरीत जाताना कागदावर या क्रमाने लिहून न्यावे: साल, जिल्हा, तालुका, गाव, बापाचे नाव, जात, आणि आडनाव सगळ्यांत शेवटी.