आत्मा कोणाजवळ अधिक? : 'सोललेस' या कादंबरीविषयी

अभ्यासक्रमाबाहेरच्या, त्यातून विलायती भुताखेतांच्या पुस्तकावर लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे. प्राध्यापकमंडळींनी सांभाळून घ्यावे.

आपल्याकडची भुते पिंपळावर, पडक्या विहिरीत, गावकुसाबाहेर राहतात. बिचारी बहुधा दरिद्रीच. इंग्रजी साहित्यातला व्हॅम्पायर मात्र खानदानी. १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या जॉन पोलिडोरीच्या कथेतला रुथ्वेन हा लॉर्ड, तर ब्रॅम स्टोकरचा १८९७ मधला ड्रॅक्युला हा काउंट. दुसऱ्याच्या रक्तावर जगणारा वाड्यातच राहायचा, हे जणू ठरूनच गेले होते. गेल कॅरिजर या अमेरिकन लेखिकेने २००९ मध्ये 'सोललेस' लिहिताना हीच परंपरा घेतली आणि तिला विनोदाची व वाफेच्या यंत्रांची जोड दिली. अशा लेखनाला स्टीमपंक म्हणतात. हा शब्द के. डब्ल्यू. जेटर या लेखकाने १९८७ मध्ये सुचविला. व्हिक्टोरिया राणीच्या लंडनवर येथे हवाई जहाजे तरंगतात आणि व्हॅम्पायर व लांडगामाणसे उजळ माथ्याने मेजवान्यांना जातात.

नायिका अलेक्सिया टॅराबॉटी. वय सव्वीस, वडील इटालियन, रंग सावळा, नाक मोठे. म्हणून घरच्यांनी तिच्या लग्नाची आशा सोडलेली. (आमच्या गावी हे वर्णन ऐकून कोणालाही नवल वाटणार नाही.) तिला आत्माच नाही. तिचा स्पर्श होताच व्हॅम्पायरचे सुळे नाहीसे होतात, लांडगा माणूस होतो. पहिल्याच प्रकरणात एक व्हॅम्पायर ओळखपाळख नसताना तिच्यावर धावून येतो आणि तिच्या हातून मरतो. तिला राग येतो तो मुख्यतः त्याच्या गैरशिस्तीचा! हा प्रसंग वाचताना मी वाचनालयात मोठ्याने हसले व ग्रंथपालांची बोलणी खाल्ली.

परंतु मला अधिक विचारात पाडले ते दुसऱ्याच गोष्टीने. या कादंबरीत अमरत्व जन्माने मिळत नाही. ज्याच्याजवळ आत्मा जादा असेल, तोच चावा घेतल्यानंतर टिकतो, बाकीचे मरतात. नटांमध्ये, कलावंतांमध्ये असा आत्मा आढळतो म्हणे. म्हणून कित्येक माणसे व्हॅम्पायरांच्या मोहोळात किंवा लांडग्यांच्या कळपात वर्षानुवर्षे चाकरी करतात, कधीतरी आपल्यालाही ते पद मिळेल या आशेवर. कळपाकडच्या चाकरांना क्लॅव्हिजर म्हणतात, म्हणजे किल्ल्या बाळगणारा. पौर्णिमेच्या रात्री मालकांना कोंडून ठेवणे हे त्यांचे काम.

येथे मला आमच्या आजोबांची आठवण झाली. गावातल्या एका वाड्याच्या किल्ल्यांचा जुडगा जन्मभर त्यांच्या कमरेला होता. कोठार त्यांनी उघडायचे, धान्य त्यांनी मोजायचे. पण माजघराचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही. त्यांच्या अंगी गुण कमी होते असे मी कसे म्हणू? वर चढलेल्यांजवळ आत्मा जादा होता आणि खाली राहिलेल्यांजवळ नव्हता, ही मोजदाद नेहमी चढून गेल्यानंतरच होते. लेखिकेने थट्टेथट्टेत हे छान दाखविले आहे. सगळ्या दरबारात शहाणपणाने वागणारी बाई आत्महीन असावी, यातली खोचही मला तीच वाटते.

एक तक्रार मात्र आहे. अमानवी उमरावांच्या सत्तेला उघड विरोध करणारे या कथेत कोण? तर हिपोक्रास क्लबचे शास्त्रज्ञ, जे माणसे पळवून त्यांच्यावर भयंकर प्रयोग करतात. त्यांचे वागणे निंद्यच आहे. पण सत्तेविषयीचा रास्त प्रश्न असल्या दुष्टांच्याच तोंडी घातला, की तो प्रश्नही दुष्ट ठरतो आणि वाचक निमूटपणे अर्ल मॅकन या लांडग्याच्या प्रेमकथेकडे वळतो. मीही वळले, हे कबूल करते. ती प्रेमकथा खुसखुशीत आहे.

आणखी एक. राणीला गुप्त सल्ला देणाऱ्यांत लांडगामाणसांचा जो प्रतिनिधी असतो, त्याच्या पदाचे नाव चक्क 'दिवाण' आहे. हा शब्द लंडनच्या दरबारात कोणत्या जहाजातून गेला असेल, हे आपल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.